पाठशुद्धीचे आचार्य : डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर

ज्युबिलीचा प्रसंग हा मागें वळून पाहण्याचा प्रसंग होय. आपण कोठून निघालों, वाटेंत काय मिळविलें आणि काय नकळत अंगास चिकटलें, ह्याचा हिशेब घेण्याची ही वेळ असते. आम्ही कात्रजचे रहिवासी. आमच्या येथील तलावाचें पाणी अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं भुयारी दगडी नळानें पुण्यास नेलें व शहरांतील हौद भरले. त्या नळावर ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधिलेले होते. त्यांपैकीं कांहीं अद्यापि उभे आहेत. शहरांतील हौदावर घागर भरणाऱ्या माणसास पाणी गढूळ दिसलें, तर दोष तलावाचा कीं वाटेचा, हें हौदाकांठीं उभें राहून कसें कळावें? त्यास एकेक उच्छ्वास तपाशीत, पाणी आलें त्या वाटेनें, उगमाकडेच चालत जावें लागेल.

प्राचीन ग्रंथांचेंही असेंच आहे. छापखाना निघण्यापूर्वीं ग्रंथ हातानें नकलून घेत. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, अशीं शेंकडों वर्षें गेलीं म्हणजे मूळ वचनांत गाळ मिसळतो. तो ओळखून वेगळा कसा काढावा, ह्या विद्येंत हिंदुस्थानांत ज्यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें, ते डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर आमच्याच पुण्यांत राहून गेले. ते आमच्या धर्माचे नव्हते आणि ज्या ग्रंथासाठीं त्यांनीं आयुष्य वेंचिलें तो महाभारत होय. तथापि त्यांचें चरित्र ह्या स्मरणिकेंत देण्यास आम्हांस दोन कारणें पुरेशीं वाटतात. एक, त्यांच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ येशूसंघीयांच्या विद्यालयांत झाला. दुसरें, त्यांचें कार्य आमच्या एका थोर संताच्या कार्याशीं सख्ख्या नात्यानें जोडलेलें आहे.

तो संत म्हणजे संत जेरोम. इ. स. ३८२ च्या सुमारास पोप दमासस ह्यांनीं त्यांजवर एक अवघड कामगिरी सोंपविली. लॅटिन भाषेंतील शुभवर्तमानांच्या जितक्या प्रती तितके निरनिराळे पाठ झाले होते; ते मूळ ग्रीकाशीं ताडून शुद्ध करावयाचे होते. जेरोम ह्यांनीं काम हातीं घेतलें तेव्हां त्यांस एक चमत्कारिक गोष्ट आढळली. पुष्कळशा चुका आळसानें झाल्या होत्या, हें खरें. परंतु पुष्कळशा भक्तीनें झाल्या होत्या. एकच प्रसंग चारी शुभवर्तमानांत येतो. एकांत चार शब्द अधिक असतात, दुसऱ्यांत कमी. लेखनिकास वाटे, येथें कांहीं राहून गेलें. आणि तो एका शुभवर्तमानांतील शब्द दुसऱ्यांत आणून भरी.

ह्याचें उदाहरण आमच्या सर्वांच्या ओठांवर आहे. प्रभूनें शिकविलेली प्रार्थना संत मत्तय ह्यांनीं दिली आहे तशी संत लूक ह्यांनींही दिली आहे. परंतु लूकची आंखूड आहे. पुढील काळच्या अनेक ग्रीक प्रतींत लूकची प्रार्थना मत्तयच्या शब्दांनीं भरून लांब केलेली आढळते. अतिप्राचीन प्रतींत ती आंखूडच आहे. तसेंच मत्तयमधील प्रार्थनेच्या शेवटीं, राज्य व गौरव ह्यांविषयींचें जें स्तुतिवाक्य पुष्कळ ग्रीक प्रतींत आहे, तें सर्वांत जुन्या प्रतींत नाहीं आणि जेरोमच्या लॅटिन भाषांतरांतही नाहीं. तें उपासनेंतून ग्रंथांत शिरलें असावें, असें पंडित मानतात. म्हणूनच आम्ही कॅथलिक ती प्रार्थना म्हणतांना त्या वाक्याशिवाय म्हणतों, आणि मिस्साविधींत तें वाक्य थोडें पुढें, स्वतंत्रपणें येतें. तें वाक्य वाईट आहे असें नव्हे. तें सुंदर आहे. प्रश्न सौंदर्याचा नसून साक्षीचा आहे.

येथें ह्या विद्येचें सर्व मर्म आलें. समांतर वचनें हींच भ्रष्टतेचें कारण होतात आणि तींच शुद्धीचें साधनही होतात. दोन ठिकाणचे शब्द एकमेकांसारखे करण्याचा मोह लेखनिकास होतो. तींच दोन ठिकाणें शेजारीं ठेवून संशोधक तो मोह कोठें झाला हें ओळखतो. प्राचीन ग्रीक कवि व इतिहासकार ह्यांचे ग्रंथ युरोपांतील पंडितांनीं ह्याच रीतीनें निर्दोष करीत आणिले, आणि एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत ह्या रीतीस शास्त्राचें रूप आलें. तें शास्त्र पुण्यास आणून आपल्या देशाच्या सर्वांत विस्तीर्ण ग्रंथास लावण्याचें काम सुकथनकरांच्या वांट्यास आलें.

त्यांचा जन्म ४ मे १८८७ रोजीं मुंबईस झाला. मराठा हायस्कुलांतील शिक्षण संपवून ते सेंट झेवियर कॉलेजांत गेले. तेथून ते इंग्लंडास केंब्रिज येथें सेंट जॉन कॉलेजांत दाखल झाले व गणित हा विषय घेऊन पदवीधर झाले. पुढें संस्कृताचा पंडित व्हावयाचें आणि शिक्षण गणिताचें, हें वाचकांस विलक्षण वाटेल. परंतु त्यांच्या लेखनांतील कांटेकोरपणा पाहिला म्हणजे तें गणित वायां गेलें नाहीं अशी खात्री पटते. गणितानंतर त्यांचें मन भारतीय विद्येकडे वळलें आणि ते बर्लिन येथें प्रोफेसर हाइनरिख ल्यूडर्स ह्यांच्या हाताखालीं अभ्यास करूं लागले. शाकटायनाच्या संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहून त्यांनीं तेथील डॉक्टर ही पदवी मिळविली.

गुरु मिळाले तेही योगायोगानें नेमके असेच. महाभारताची शुद्ध आवृत्ति काढावी, ही कल्पना युरोपांत इ. स. १८९७ मध्यें विंटरनिट्झ ह्या पंडितांनीं मांडिली होती, आणि इ. स. १९०८ मध्यें ल्यूडर्स ह्यांनीं आदिपर्वाच्या आरंभाचा एक लहानसा नमुना छापून दाखविला होता. पुढें पहिलें महायुद्ध पेटलें आणि तो संकल्प तेथेंच मावळला. गुरूच्या हातून राहिलेलें कार्य शिष्यानें पुण्यांत बसून पुढें न्यावें, असा ईश्वरी संकेत होता, असें आम्ही म्हटलें तर वाचक आम्हांस क्षमा करतील.

हिंदुस्थानांत परत आल्यावर सुकथनकर पुराणवस्तु खात्याच्या पश्चिम विभागांत कांहीं वर्षें होते. तेथें ताम्रपट व शिलालेख वाचण्याची त्यांस संवय झाली. पुढें ते कांहीं काळ अमेरिकेंत राहिले. ह्या सुमारास त्यांनीं भासाच्या म्हणून प्रसिद्ध झालेल्या नाटकांवर जे निबंध लिहिले, त्यांत समांतर वचनें ताडून पाहण्याची त्यांची हातोटी प्रथम पूर्णपणें दिसून आली. चारुदत्त हें चार अंकी अपुरें नाटक आणि शूद्रकाचें मृच्छकटिक ह्यांचा पहिला भाग जवळजवळ एकच आहे. कोणी कोणापासून घेतलें? सुकथनकरांनीं दोहोंतील तेच ते श्लोक व तींच तीं वाक्यें शेजारीं शेजारीं मांडून नाट्यतंत्र, प्राकृताचें रूप, छंद व नाट्यप्रसंग ह्या चार कसोट्यांनीं तपाशिलीं, आणि चारुदत्तांत अधिक जुनें रूप टिकून आहे असा निर्णय दिला. आवडीनिवडीस त्यांत जागा नव्हती.

इकडे पुण्यांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर इ. स. १९१७ मध्यें स्थापन झालें होतें. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीं एक लक्ष रुपयांचें साहाय्य देऊं केलें, आणि १ एप्रिल १९१९ रोजीं वृद्ध डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांच्या हस्तें कार्यास आरंभ झाला. पोथ्या जमूं लागल्या. परंतु कार्यास निश्चित मार्ग व शिस्त लागावयाची होती. इ. स. १९२५ च्या ऑगस्टांत सुकथनकर प्रधान संपादक झाले, आणि त्या दिवसापासून मरणापर्यंत त्यांनीं दुसरें मोठें काम हातीं घेतलें नाहीं.

हें काम कसें चाले, तें थोडक्यांत सांगतों. मोठमोठे आंखलेले कागद घेत. प्रत्येक श्लोकास स्वतंत्र कागद. अगदीं वर प्रचलित पाठ एकेक अक्षर सुटें करून चौकटींत लिहीत. खालीं एकेका पोथीस एकेक ओळ राखून ठेवीत, आणि त्या पोथींत जें अक्षर निराळें असेल तें त्याच्या चौकटींत भरीत. अशा रीतीनें कागद पुरा झाला म्हणजे काश्मीर, नेपाळ, बंगाल, महाराष्ट्र, आंध्र, तमिळ देश व मलबार एकाच अक्षराविषयीं काय साक्ष देतात, तें एका दृष्टिक्षेपांत कळे. आदिपर्वाच्या एकूण २३५ पोथ्या त्यांस ज्ञात होत्या. त्यांतील ६० निवडून त्यांचे पाठभेद छापील ग्रंथांत दिले आहेत.

येथें कोणी म्हणेल, मग मतें मोजावीं व बहुमतानें ठरवावें. सुकथनकरांनीं तसें केलें नाहीं. त्या २३५ पोथ्यांपैकीं १०७ एकट्या देवनागरी लिपींत होत्या. देवनागरी सर्वत्र वाचली जाई, म्हणून तिच्या पोथ्यांत चहूंकडचे पाठ मिसळले होते. उलट काश्मिरी शारदा लिपींतील पोथ्या अवघ्या तीन. परंतु तो प्रदेश आडबाजूचा असल्यामुळें तेथें भर कमी पडली होती. त्यांतील भूर्जपत्रावरील एक पोथी पुण्याच्याच सरकारी संग्रहांत होती. दक्षिणेकडे तसेंच महत्त्व मलबारच्या पोथ्यांस होतें. काश्मीर आणि मलबार ह्या दोन टोंकांच्या लेखनिकांनीं एकमेकांस कधीं पाहिलें नसेल. असे दोन साक्षीदार एकच शब्द सांगतात, तेव्हां तो शब्द दोघांनीं एकाच जुन्या मूळापासून घेतला असला पाहिजे. दहा साक्षीदार एकाच घरचे असले तर त्यांची साक्ष एकाचीच धरावी, हा न्यायालयांतील साधा नियम त्यांनीं पोथ्यांस लाविला.

दुसरा नियम त्याहून सूक्ष्म आहे. एके ठिकाणीं एक पाठ कठीण व दुसरा सोपा असेल, तर बहुधा कठीण पाठ जुना असतो. कारण लेखनिक अवघड शब्द सोपा करून ठेवितो, सोपा शब्द सहसा अवघड करीत नाहीं. ह्याखेरीज त्यांनीं बाहेरील साक्षीही काढिल्या. इ. स. १००० च्या सुमाराचें जावा बेटांतील आदिपर्वाचें भाषांतर, अकराव्या शतकांतील नन्नय्याचें तेलुगु भारत, त्याच शतकांतील काश्मीरच्या क्षेमेंद्राचा सारग्रंथ आणि अकबराच्या दरबारीं झालेलें फारसी भाषांतर, हीं सर्व त्यांनीं ताडून पाहिलीं. आणि इतकी साधनें हातीं असतां, पोथींत कोठेंच नसलेला पाठ केवळ स्वतःच्या तर्कानें घालण्याचा प्रसंग त्यांनीं संपूर्ण आदिपर्वांत फारच विरळा येऊं दिला.

आतां खरा कठीण प्रसंग आला तो विद्वत्तेचा नव्हे, अंतःकरणाचा. महाराष्ट्रांत व अन्यत्र जें महाभारत घरोघर वाचीत, तें सतराव्या शतकांतील टीकाकार नीलकंठ चतुर्धर ह्यांच्या पाठास धरून होतें. हे नीलकंठ मूळचे गोदातीरींच्या कोपरगांवचे. पंडित त्या पाठास व्हल्गेट म्हणतात, म्हणजे संत जेरोमच्या लॅटिन बायबलास जें नांव पडलें तेंच. त्या प्रचलित ग्रंथाच्या आरंभीं व्यासांनीं सांगावें व गणपतीनें लिहावें, ही कथा आहे. लहान मुलांसही ती ठाऊक असते. द्रौपदीस्वयंवरांत कर्ण धनुष्य उचलतो आणि द्रौपदी त्यास सूतपुत्र म्हणून नाकारिते, हाही प्रसंग सर्वांस परिचित. सुकथनकरांनीं पोथ्या तपाशिल्या, तों दोहोंसही सर्व शाखांची साक्ष मिळेना. तेव्हां त्यांनीं दोन्ही मूळ पाठांतून काढिले.

ज्या मनुष्यास आपल्या परंपरेविषयीं प्रेम आहे, त्यास हें करणें सोपें नसतें. लोकांस न आवडणारें सांगावें, कीं सर्वांस प्रिय असलेली गोष्ट तशीच राहूं द्यावी? येथें सुकथनकरांनीं जें केलें तें आम्हांस फार शिकण्याजोगें वाटतें. त्यांनीं एकही श्लोक फेकून दिला नाहीं. जें मूळांत बसत नव्हतें तें पानाच्या तळाशीं किंवा ग्रंथाच्या परिशिष्टांत, कोणत्या पोथींत तें आहे व कोणत्यांत नाहीं ह्या तपशिलासह, जसेंच्या तसें छापिलें. गणपतीची कथा आजही त्या ग्रंथांत आहे. फक्त ती तिच्या योग्य जागीं आहे. आपला निर्णय चुकला असें पुढील कोणास वाटल्यास, त्यानें त्याच पानावरील साक्षींच्या आधारें तो फिरवावा, अशी सोय त्यांनीं स्वतःच करून ठेविली. आपण व्यासांच्या हातचा मूळ शब्द शोधून काढिला, असा दावाही त्यांनीं कधीं केला नाहीं. उपलब्ध पोथ्यांच्या आधारें जेथवर मागें जातां येतें, तेथवर आपण गेलों, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

आदिपर्वाचा पहिला भाग इ. स. १९२७ मध्यें निघाला व तें पर्व इ. स. १९३३ मध्यें विस्तृत प्रस्तावनेसह पुरें झालें. ह्या शास्त्राच्या अभ्यासकांस ती प्रस्तावना अद्यापि पाठ्यपुस्तकासारखी उपयोगी पडते. कांहीं वर्षांनीं नेपाळांतून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी त्यांस पाहावयास मिळाली. ग्रंथ आधींच छापून झाला होता. पोथी विरुद्ध गेली असती तर टीकाकारांस आयतेंच शस्त्र मिळालें असतें. परंतु त्यांनीं वगळिलेले कित्येक भाग तींतही नव्हते, आणि त्यांच्या कित्येक अनुमानांस तिनें दुजोरा दिला. तिचा वृत्तांत त्यांनीं इ. स. १९३८ च्या सुमारास स्वतःच प्रसिद्ध केला.

पुढें त्यांनीं आरण्यकपर्व हातीं घेतलें. त्या पर्वांत नलाची कथा आहे व रामाचीही कथा आहे. तेव्हां समांतर वचनांचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. हनुमंतानें अशोकवनांत सीतेस पाहिलें, त्या प्रसंगाचे वाल्मीकींचे शब्द आणि सुदेव ब्राह्मणानें दमयंतीस ओळखिलें, त्या प्रसंगाचे नलोपाख्यानांतील शब्द ठिकठिकाणीं जुळतात. रामोपाख्यान व रामायण ह्यांचें तर अनेक स्थळीं साम्य आहे. सुकथनकरांनीं हीं स्थळें समोरासमोर मांडून, रामोपाख्यान हें रामायणावरूनच संक्षेपानें घेतलें आहे, असें इ. स. १९४१ मध्यें दाखविलें. परंतु साम्य आहे म्हणून त्यांनीं एकास दुसऱ्यासारखें केलें नाहीं. दोन ग्रंथ भावाभावांसारखे असले तरी प्रत्येकास आपापलें बोलूं द्यावें, हें पथ्य त्यांनीं पाळिलें. जेरोमच्या काळच्या लेखनिकांस जें साधलें नाहीं तें हेंच होय.

आरण्यकपर्व इ. स. १९४२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यानंतर महाभारताचा अर्थ काय, ह्या विषयावर मुंबई विद्यापीठाच्या विद्यमानें त्यांचीं चार व्याख्यानें ठरलीं. आयुष्यभर अक्षरें मोजणाऱ्या ह्या पुरुषानें त्या अक्षरांतून आपणांस काय दिसलें, तें आतां सांगावयाचें योजिलें होतें. तीन व्याख्यानें झालीं. चौथें देण्यापूर्वींच, २१ जानेवारी १९४३ रोजीं, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. त्यांचीं व्याख्यानें इ. स. १९५७ मध्यें ग्रंथरूपानें बाहेर आलीं. अठरा पर्वांपैकीं त्यांनीं स्वतः संपादिलेलीं पर्वें दोनच. परंतु त्यांनीं घालून दिलेल्या वाटेनें डॉ. बेलवलकर, डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य व इतर पंडित चालत राहिले, आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति डॉ. राधाकृष्णन् ह्यांच्या हस्तें पुण्यास ह्या कार्याची सांगता झाली.

ह्या चरित्रापासून आम्हीं काय घ्यावें? आमच्या मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा मुकुटमणि जें फादर स्टीफन्स ह्यांचें क्रिस्तपुराण, तें इ. स. १६१६ मध्यें गोमंतकांत रोमन लिपींत छापिलें गेलें व पुढें १६४९ आणि १६५४ मध्यें पुन्हां निघालें. पण त्या छापील प्रतींपैकीं एकही आज उपलब्ध नाहीं. आपणांपर्यंत तो ग्रंथ हस्तलिखितांच्या द्वारें आला. इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें सालढाणा ह्यांनीं तो पोथ्यांवरून छापिला. पुढें लंडनमधील मार्सडेन संग्रहांत देवनागरी लिपींतील पोथी अभ्यासकांच्या नजरेस आली, आणि रोमन व देवनागरी पाठ ताडून पाहण्याचें काम निघालें. अर्थात् सुकथनकरांची विद्या आम्हांस परकी नाहीं. आमच्याच घरांत तिची गरज आहे.

ज्या धर्मग्रामानें आपल्या आजोबापणजोबांच्या आठवणी ऐकून वाढावें, त्यासही हीच विद्या लागते. कोणतें गाणें कोठून आलें, कोणती चालरीत मूळची व कोणती मागाहून जडली, हें ओळखावें. मागाहून जडलेलें तुच्छ मानूं नये, पण तें मूळ म्हणून सांगूंही नये. जुन्या वह्या, बाप्तिस्म्याचीं पुस्तकें व वडीलधाऱ्यांचे शब्द एकमेकांशेजारीं ठेवून पाहावे. आवडीचें तें खरें असें न मानतां, ज्यास साक्ष आहे तें खरें मानावें, आणि साक्ष नसलेलें प्रेमानें तळटीपेंत जपून ठेवावें. ज्या प्रभूनें आपण सत्यास साक्ष देण्यासाठीं जगांत आलों असें सांगितलें, त्याच्या लेंकरांस ही शिस्त जड वाटूं नये. ह्या ज्युबिलीच्या शुभ समयीं तो आम्हां सर्वांस तितका धीर व तितका विनय देवो.